चौतीस टक्के म्हणजे किती हो, सर?



खरं खरं सांगायचं हं! गणिताच्या तासाची घंटा झाली की तुमच्यापैकी किती जणांच्या पोटात गोळा येतो? हात वर करा बघू. लाजू नका. मी काही आज तुम्हाला फळ्याजवळ बोलावणार नाही. उलट, आज मीच तुमच्यापुढे फळ्याजवळ उभा आहे असं समजा. कारण आज सांगणार आहे ती माझ्याच चुकीची गोष्ट आहे. आम्ही मास्तर मंडळी तुमच्या चुकांखाली लाल रेघा मारतो, पण आमच्या चुकांची वही कुणी तपासत नाही. म्हणून म्हटलं, आपणच आपली तपासावी.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. तुमच्या आई-बाबांच्या जुन्या भूगोलाच्या पुस्तकात या जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद असं सापडेल. २०२३ साली ते बदलून धाराशिव झालं. भवानीमातेचं तुळजापूर, नळदुर्गचा किल्ला, जुन्या काळी 'तगर' म्हणून परदेशापर्यंत ठाऊक असलेलं तेर, हे सगळं आमच्याच जिल्ह्यातलं. आमच्या भागात मात्र फिरायला येणारे थोडे. इथं बालाघाटाचे उघडे डोंगर, हलकी जमीन, पावसाच्या भरवशावरची ज्वारी, तूर, सोयाबीन, आणि घरोघरी दुभती जनावरं. कुंथलगिरीचा खवा ऐकलाय ना? तो आमच्याच तालुक्यातला.

आणि आणखी एक गोष्ट आमच्याकडची. दसरा झाला की गावातल्या बऱ्याच घरांना कुलपं लागतात. ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून माणसं ऊसतोडीला जातात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि मग चार-पाच महिने ऊस तोडून ती फेडायची, असा हा धंदा. घरी आजी-आजोबा असले तर मुलं मागं राहतात. नसले तर मुलंही पाटी-दप्तर गुंडाळून फडावर जातात आणि शिमगा-पाडव्याच्या सुमाराला उन्हानं रापून परत येतात.

आता आपल्या गोष्टीला सुरुवात करू या.

जून २०२३ मध्ये शाळा उघडली तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून घेतलं. दहावीचा गणिताचा निकाल काही बरा नव्हता. बाई म्हणाल्या, "सर, या वर्षी गणितासाठी एक सुधार आराखडा करा. नीट विचार करून करा." मी म्हटलं, "उद्या देतो बाई." आणि खरोखरच एका रात्रीत केला! दहा कलमं. सकाळी सात वाजता जादा तास. दर शनिवारी चाचणी. रोज पंचवीस उदाहरणांचा गृहपाठ. तीसपर्यंतचे पाढे पाठ. भिंतीवर सूत्रांचे तक्ते. हुशार मुलांसाठी वेगळा गट. रकाने आखले, पट्टीनं रेघा मारल्या, खाली सही ठोकली. कागद इतका देखणा झाला की बाईंनी तो ऑफिसात लावला.

पुढं काय झालं असेल, सांगा पाहू?

जादा तासाला पहिल्या आठवड्यात तीस मुलं आली. दुसऱ्या आठवड्यात अठरा. गणपती बसेपर्यंत सहाच उरली, आणि ती कोण, तर ज्यांना गणित आधीच येत होतं ती! बाकीच्यांना मी कामचुकार म्हणालो. सकाळी सात वाजता पोरी हंडा घेऊन नळावर असतात आणि पोरं दुधाच्या किटल्या घेऊन डेअरीवर असतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. पण आराखडा करताना ते माझ्या डोक्यात आलंच नाही. गृहपाठाचं म्हणाल तर पंचवीस उदाहरणं एकजण सोडवायचा आणि चाळीसजण उतरवायचे. चुकासुद्धा एकसारख्या! एका मुलानं तर शेजाऱ्याच्या वहीतलं त्याचं नावही उतरवून आणलं होतं.

तरी मला वाटायचं, आराखडा चांगलाच आहे, मुलंच ऐकत नाहीत.

मग आला जानेवारी २०२४. ऊसतोड मजुरांच्या मजुरीत ३४ टक्के वाढ करायचं ठरल्याची बातमी त्या महिन्याच्या सुरुवातीला आली. गावात पारावर तीच चर्चा. दोन-तीन दिवसांनी नववीचा तास संपवून मी निघालो, तर एक मुलगी दारात उभी. तिचं नाव मी सांगत नाही, तिला आवडणार नाही. आई-वडील फडावर, आणि ती आजीजवळ राहून शाळा करणारी. खाली मान घालून म्हणाली,

"सर, चौतीस टक्के म्हणजे किती हो?"

मी म्हटलं, "अगं, शतमान सहावीतच झालं की! सूत्र सांग बरं."

तिनं सूत्र घडाघडा म्हटलं. अगदी बरोबर. घटक चाचणीत तिला वीसपैकी चौदा गुण होते, त्या सूत्राच्या जोरावरच. मग मी विचारलं, "आता अडचण काय?"

ती म्हणाली, "काल रात्री दादांचा फोन आला होता. म्हणाले, भाव चौतीस टक्क्यानं वाढलाय म्हणं. मंग आपलं टनामागं कितीक वाढलं, सांग. तू नववीत हाईस नव्हं? मला सांगता आलं नाही, सर. दादा म्हणाले, येवढं बी येईना तर मंग शाळंचा उपेग काय? फुडल्या साली चल आमच्यासंगं."

एवढं बोलून ती गप्प झाली. मीही गप्प झालो.

मित्रांनो, तिला सूत्र येत होतं. गुण मिळाले होते. पण वडिलांनी फोनवर एक साधा प्रश्न विचारला आणि त्या सूत्राचं करायचं काय, हेच तिला कळेना. आणि तिची पुढच्या वर्षीची शाळा त्या उत्तरावर अडली होती. मी त्या दिवशी ऑफिसात जाऊन माझा आराखडा पुन्हा वाचला. दहाही कलमांत 'शिक्षक काय करतील' तेवढंच लिहिलेलं. मुलांना काय येत नाही आणि का येत नाही, याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती! डॉक्टरनं रोग्याला न तपासताच औषध लिहून द्यावं, तसला तो कागद.

दुसऱ्या दिवशी मी किराणा दुकानातून साबणाचं एक रिकामं खोकं आणलं. त्याला वरून चीर पाडली आणि नववीच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, "मुलांनो, एका चिठ्ठीवर एवढंच लिहा, गणितात तुम्हाला सगळ्यात आधी काय कळलं नाही? कुठल्याही इयत्तेतलं चालेल. नाव लिहायचं नाही. अक्षर ओळखून मी कुणाला काही विचारणार नाही, शब्द देतो."

एक्केचाळीस चिठ्ठ्या निघाल्या. रात्री घरी सतरंजीवर पसरून त्यांचे गठ्ठे लावले. मला वाटलं होतं, मुलं लिहितील बहुपदी, लिहितील भूमितीतली प्रमेयं. तसं कुणीच लिहिलं नव्हतं. सतरा चिठ्ठ्यांवर होतं 'भागाकार'. अकरा चिठ्ठ्यांवर 'अपूर्णांक'. सहांवर 'वजाचं चिन्ह'. चार चिठ्ठ्यांवर 'मोठे आकडे वाचताना गडबड होते, ७९ आणि ८९'. आणि उरलेल्या तीन चिठ्ठ्यांवर कुठल्याच धड्याचं नाव नव्हतं. त्यातल्या एकीवर लिहिलं होतं, 'मी ऊसाला गेलतो तवा झालं सगळं.'

ती चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे.

आता त्या ७९ आणि ८९ वाल्या चार चिठ्ठ्यांबद्दल थोडं सांगतो, कारण तिथं माझी आणखी एक चूक सापडली. तुम्हाला आठवतंय का, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता? तुमच्यातले काही जण तर तेव्हा दुसरीतच असतील! 'एकवीस' बरोबर 'वीस एक', 'बावन्न' बरोबर 'पन्नास दोन' असं वाचायला त्या पुस्तकात शिकवलं होतं. लोकांनी थट्टा केली, विधानसभेतही टोलेबाजी झाली. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या डॉ. मंगला नारळीकर. स्वतः मोठ्या गणितज्ञ, आणि मुलांसाठी 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या. त्या शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द कुणी काढून घेत नाही, पण लहान मुलाला संख्या समजायला ही वाट सोपी जाते.

विचार करून पाहा. आपण लिहितो आधी ५, मग २. म्हणतो मात्र 'बावन्न', म्हणजे दोन आधी आणि पन्नास नंतर! त्यात 'एकोणऐंशी' म्हणजे ऐंशीला एक कमी, म्हणून ७९. कानाला ऐंशी ऐकू येतं आणि हात ८ लिहून मोकळा होतो. आमच्या जिल्ह्याला लागूनच कर्नाटक आहे. तिथली मुलं कन्नडमध्ये २१ ला 'वीस-एक' अशाच क्रमानं म्हणतात. जर्मन मुलांची तऱ्हा मात्र आपल्यासारखी, 'एक आणि वीस'! म्हणजे ही अडचण आपल्या एकट्याचीच नाही.

२०१९ मध्ये तो गदारोळ चालला होता तेव्हा स्टाफरूममध्ये बसून मीही हसलो होतो. 'आम्ही शिकलोच की एकोणऐंशी!' असं म्हणालो होतो. मंगलाताई जुलै २०२३ मध्ये गेल्या. आणि सहा महिन्यांनी माझ्या सतरंजीवर चार चिठ्ठ्या येऊन पडल्या. नववीतली चार मुलं इतकी वर्षं गुपचूप अडखळत होती आणि मी त्यांना निष्काळजी म्हणून गुण कापत होतो.

असो. झालं ते झालं. आता नवा आराखडा करायचा होता. या वेळी मी एका रात्रीत केला नाही आणि एकट्यानं तर मुळीच केला नाही. वर्गातून पाच मुलं निवडली. त्यात हुशार एकच. बाकी चार गणिताला घाबरणारी, आणि त्यातच ती टक्केवाली मुलगी. शिवाय मुख्याध्यापिका बाई, आणि खव्याची भट्टी असलेल्या एका मुलाची आई. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही वडाखाली बसलो. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर चार रकाने आखले. काय येत नाही? कुठून तुटलं? कोण आणि कसं शिकवणार? आलं हे कळणार कसं?

"अन् वेळ कधी?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "सकाळी..." तशी पाचही मुलं एकदम "नको सर!" म्हणून ओरडली. शेवटी ठरलं की मधली सुट्टी संपल्यावरची पहिली वीस मिनिटं रोज जुन्या तुटलेल्या गणिताला द्यायची. त्यात पुस्तक उघडायचं नाही.

दुसरं कलम मुलांनीच सुचवलं. वर्गात कुणालाही कळलं नाही की त्यानं 'थांबा' म्हणायचं, आणि त्यावर कुणी हसायचं नाही. सरांनीही नाही! तिसरं कलम होतं फडावर जाणाऱ्यांसाठी. जो जाईल त्याच्या नावानं एक वही घालायची. तो नसताना जे शिकवून होईल ते मागं राहिलेल्या मित्रानं त्या वहीत उतरवायचं, आणि तो परत आला की त्याच मित्रानं त्याला समजावून द्यायचं. आणि चौथं कलम त्या भट्टीवाल्या ताईंचं. त्या म्हणाल्या, "सर, आमचं पोरगं तुमच्या वर्गात गुणोत्तराला भितंय. पर भट्टीवर त्याला विचारा, इतक्या दुधाचा खवा किती पडंल, तर चुटकीसरशी सांगतंय. म्हशीच्या दुधाचा साधारण पाचाला एक. त्ये बी गणितच की!" खरंच की! मग ठरलं, घरचं, शेतातलं, बाजारातलं गणित आठवड्यातून एकदा वर्गात आणायचं.

हे सगळं सुरळीत पार पडलं असं समजू नका. एक सहकारी म्हणाले, "नववीला भागाकार शिकवताय? लोक हसतील." दुसरे म्हणाले, "अभ्यासक्रम कधी संपवणार?" हा दुसरा प्रश्न खरा होता. रोज वीस मिनिटं जुन्यासाठी काढली तर नव्याला वेळ कमी पडणारच. शेवटचे दोन धडे मला घाईघाईत उरकावे लागले, आणि ज्यांना आधीचं सगळं येत होतं त्या सहा मुलांना ते खटकलं. त्यांची तक्रार रास्त होती. मग त्यांनाच एकेका गटाचं काम दिलं. त्यातल्या एकाचं म्हणणं नंतर मला फार आवडलं. तो म्हणाला, "सर, मला भागाकार यायचा, पण तो का येतो हे त्याला सांगताना मला पहिल्यांदा कळलं."

भागाकार आम्ही कसा केला, सांगू? खोट्या नोटांनी. पुठ्ठ्याच्या शंभराच्या, दहाच्या आणि एकाच्या नोटा कापल्या. ७३२ रुपये सहाजणांत वाटायचे. शंभराच्या सात नोटा, प्रत्येकाला एक दिली, एक उरली. ती मोडून दहाच्या दहा नोटा घेतल्या. आधीच्या तीन मिळून तेरा झाल्या. प्रत्येकाला दोन, एक उरली. ती पुन्हा मोडली, दहा सुटे आणि आधीचे दोन मिळून बारा. प्रत्येकाला दोन. झाले प्रत्येकी १२२! मग तीच वाटणी फळ्यावर मांडली. 'वरचा आकडा खाली आणायचा' असं आपण म्हणतो ना, ते खाली आणणं म्हणजे नोट मोडून सुट्ट्यांत मिसळणं, हे पाहून मागच्या बाकावरचा एक मुलगा जोरात म्हणाला, "आता कळलं व्हय! मला वाटायचं, तशी पद्धतच असती."

वजाबाकीची भीती घालवायला कामी आले कापरेकर गुरुजी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. अंकांशी खेळता खेळता त्यांना ६१७४ या संख्येची गंमत सापडली आणि ती जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते. शाळामास्तर हं, माझ्यासारखेच! कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं लावा, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच करा. आम्ही वर्षच घेतलं, २०२४. मग ४२२० वजा ०२२४, उत्तर ३९९६. ९९६३ वजा ३६९९, उत्तर ६२६४. ६६४२ वजा २४६६, उत्तर ४१७६. ७६४१ वजा १४६७, उत्तर ६१७४! आता यापुढं कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत कुठलीही संख्या तिथं पोचते. ज्या मुलांना हातच्याची वजाबाकी नको वाटायची ती त्या दिवशी सुट्टीतही वह्या घेऊन बसली होती. 'सर, माझी आठव्या पायरीलाही येईना' असं एकीनं सांगितलं. तपासलं तर वाटेत वजाबाकी चुकली होती. तिची चूक तिलाच सापडली. लाल रेघ मारायची मला गरजच पडली नाही.

आणि चौतीस टक्के? त्यासाठी मी फळ्यावर सूत्र लिहिलं नाही. वर्गाला विचारलं, "तुमची आजी टक्का म्हणते का?" कुणीतरी म्हणालं, "आजी शेकडा म्हणती." बस्स! टक्का म्हणजे शेकड्याला, शंभराला. शंभर रुपये मिळायचे तिथं चौतीस वाढले, म्हणजे आता एकशे चौतीस. मग त्या मुलीला फळ्याजवळ बोलावलं. म्हटलं, "समजा, टनाला २७० रुपये मिळत होते. सूत्र विसर. दहा टक्के किती?"

"सत्तावीस."

"मग तीस टक्के?"

"तीन सत्तावीस एक्क्याऐंशी." थोडं थांबून ती स्वतःच पुढं म्हणाली, "एक टक्का म्हणजे दोन रुपये सत्तर पैसे. चार टक्के दहा रुपये ऐंशी पैसे. सर, एक्क्याण्णव रुपये ऐंशी पैसे वाढले!"

"आणि दिवसाला दीड टन तोडला तर?"

तिनं ९१.८० मध्ये त्याचे निम्मे, म्हणजे ४५.९० मिळवले. उत्तर १३७ रुपये ७० पैसे. वर्गात कुणीही 'थांबा' म्हटलं नाही. आमच्या गावातल्या मुलांना तो आकडा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

त्या रात्री तिनं वडिलांना फोन लावला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. तिनं दुसऱ्या दिवशी येऊन एवढंच सांगितलं, "दादांना शंभराला चौतीस असं सांगितलं, त्यांना लगेच कळलं."

एप्रिलमध्ये माणसं परत आली. मुकादमाबरोबर हिशेबाला बसायची वेळ आली तेव्हा ती वडिलांच्या शेजारी वही घेऊन बसली. उचलीची बेरीज करताना पाच हजारांची एक रक्कम दोनदा धरलेली तिला दिसली. तिनं बोट ठेवून दाखवलं. मुकादमानं पानं मागं-पुढं केली, 'चुकून पडली असंल' म्हणून ती खोडली. वडील तिथं काहीच बोलले नाहीत. जूनमध्ये मात्र ते स्वतः तिला दहावीच्या वर्गात सोडायला आले. मला म्हणाले, "सर, आता ही हिथंच ऱ्हाईल. वही बी हिच्याकडंच ऱ्हाईल."

मे २०२५ मध्ये निकाल लागला. ती पास झाली. गणितात शंभरपैकी छप्पन्न. फार मोठे गुण नव्हेत, पण ते छप्पन्न तिचे स्वतःचे होते.

गोष्ट इथं संपवली असती तर छान वाटलं असतं ना? पण हिशेब पुरा करायला हवा. दहावीत आल्यावर मी पुन्हा तेच खोकं ठेवलं. या वेळी 'भागाकार' लिहिलेल्या चिठ्ठ्या सतरावरून पाचवर आल्या होत्या. पाच, शून्य नाही. अपूर्णांकाचं दुखणं तर फारसं कमी झालंच नव्हतं, अकराच्या आठ चिठ्ठ्या झाल्या. तिथं आमची युक्ती कमी पडली. शिवाय या वेळी चिठ्ठ्या एकोणचाळीसच होत्या. दोन मुलं दसऱ्याला फडावर गेली होती. त्यांच्या नावाच्या वह्या मित्रांनी इमानेइतबारे लिहून ठेवल्या, पण ती दोघं परीक्षेलाही आली नाहीत. त्या दोन वह्या शाळेच्या कपाटात आहेत. मी त्या टाकलेल्या नाहीत. शाळा सुटलेला मुलगा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसू शकतो, हे मी दोघांच्याही घरी जाऊन सांगून आलोय. एकाची आई म्हणाली, "बघू सर." दुसऱ्याच्या घराला कुलूपच होतं.

आता पाहा, यातलं काय तुमच्या कामाचं? तुम्ही म्हणाल, आराखडा करणं हे तर सरांचं काम. अर्धं खरं आहे. पण गणित कुठून तुटलं हे सरांना बाहेरून दिसत नाही, ते फक्त तुम्हालाच ठाऊक असतं. ते तुम्ही सांगितलंच नाही, तर माझ्यासारखा मास्तर देखणे तक्ते करत बसेल आणि तुम्ही मान डोलवत बसाल.

म्हणून आज एवढंच करा. एक चिठ्ठी घ्या. 'मला गणितात सगळ्यात आधी काय कळलं नाही?' याचं उत्तर लिहा. तिसरीतलं असलं तरी लिहा. ती चिठ्ठी आपल्या सरांना किंवा बाईंना द्या. धीर होत नसेल तर चार मित्र मिळून द्या. कुणी सांगावं, तुमच्या बाईही तिची वाटच पाहत असतील!

आणि हो, मास्तर म्हटल्यावर जाता जाता एक गणित घालणारच! त्या मुलीनंच मला विचारलेलं. शंभराचे ३४ टक्क्यांनी वाढून १३४ झाले. आता १३४ मधून ३४ टक्के कमी केले, तर पुन्हा शंभरच उरतील का? घाईनं 'हो' म्हणू नका. खोट्या नोटा कापा, करून पाहा, आणि अडलात तर मोठ्यानं म्हणा, 'थांबा!'